शंभर वर्षांचा पूर तीन वर्षांत दोनदा कसा येतो?

सांगलीहून एका गृहस्थांनी विचारलंय: निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधला एक प्लॉट पाहिलाय, दर परवडण्यासारखा आहे. पण 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं, 2021 ला परत आलं, आणि दर वेळी ऐकायला मिळालं की असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. मग रेषा चुकली आहे की हवामान बदललंय? आणि घर बांधायचंच झालं तर जोतं किती उंच घ्यायचं?

नद्यांच्या पुराचे हिशेब करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी थोडक्यात उत्तर देतो. लाल रेषेमागचा आकडा हा अंदाज असतो. तो अंदाज किती खालीवर होऊ शकतो, हे नकाशावर कुठेच लिहिलेलं नसतं. हवामान बदलामुळे तो वर सरकतोय, आणि नेमका किती सरकतोय हे ठरवणं अवघड असल्यामुळे त्यातली अनिश्चितताही वाढतेय. म्हणून जोत्याची उंची नुसत्या रेषेवरून ठरवू नका. पाणी रेषेच्या वर आलं तर तुमचं काय काय जाईल, हे आधी बघा. आता हे सविस्तर सांगतो, कारण प्रश्न आयुष्यभराच्या पुंजीचा आहे.

महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. 100 वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो गाठला जाण्याची किंवा ओलांडला जाण्याची शक्यता 1 टक्का. यंदा आला म्हणून पुढची 99 वर्षं सुट्टी, असा हिशेब नदी ठेवत नाही. तुमचं गृहकर्ज 20 वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात 100 वर्षांचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता 18 टक्के आहे. 25 वर्षांच्या पुराची शक्यता 56 टक्के. घर 50 वर्षं टिकणार असं धरलं तर हेच आकडे 39 आणि 87 टक्क्यांवर जातात. म्हणजे निळ्या रेषेच्या जरा वर घर बांधणाऱ्याने पाणी येईल की नाही यावर विचार करत बसू नये. ते येणार आहे असंच धरून बांधावं.

पण एवढ्याने तुमची शंका फिटत नाही, आणि ती रास्त आहे. आकडा खरोखर 1 टक्क्याचा असेल, तर सलग तीन वर्षांत तो दोनदा ओलांडला जाण्याची शक्यता दहा हजारांत तीन इतकीच उरते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं, 2019 मध्ये साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पोहोचलं आणि 2021 मध्ये पंचावन्नच्या घरात होतं. सतरा वर्षांत असे तीन पूर आल्यावर सरळ हिशेबी माणूस नशिबाला दोष देण्याआधी आकडा तपासायला घेईल. फक्त एक सावधगिरी बाळगायची. आपण मोजणी पुराच्या वर्षी सुरू केली आणि पुराच्याच वर्षी थांबवली, त्यामुळे वारंवारता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. 2005 च्या आधीची वर्षं आणि 2021 नंतरची वर्षंही मोजणीत घ्यायला हवीत.

हा आकडा येतो कुठून, ते एका उदाहरणाने दाखवतो. उदाहरण कल्पित आहे, रीत खरी आहे. समजा एका पर्जन्यमापकाची 50 वर्षांची नोंद हाताशी आहे. प्रत्येक वर्षातला एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस काढला. त्याची सरासरी 150 मिलिमीटर आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात ते माप, 60. यावर गुंबेल नावाचं वितरण, म्हणजे किती मोठा पाऊस किती वर्षांनी येईल हे सांगणारं सूत्र, बसवतात, आपल्याकडे अजूनही सगळ्यांत जास्त तेच वापरलं जातं. त्याप्रमाणे 100 वर्षांचा पाऊस 338 मिलिमीटर येतो आणि 25 वर्षांचा 273. अहवालात 338 छापलं जातं आणि सगळे पुढे जातात. पण 50 वर्षांच्या नोंदीवरून 100 वर्षांचं अनुमान काढलं की त्यात चूक किती असू शकते, याचंही सूत्र आहे. ते लावलं तर 95 टक्के खात्रीची कक्षा 273 पासून 403 पर्यंत पसरते. खालचं टोक पाहा: तो आपलाच 25 वर्षांचा पाऊस आहे. खरा 100 वर्षांचा पाऊस आपल्या निळ्या रेषेच्या आकड्याइतका कमी असू शकतो किंवा 403 इतका जास्तही, आणि हे सगळं हवामान अजिबात बदललेलं नाही असं धरून.

आता याच उदाहरणात हवामान बदल घालू. हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. सगळा मोठा पाऊस सरसकट 7 टक्क्यांनी वाढला असं समजू. 338 चे 362 झाले. चोवीस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम इंचभर, त्याने काय फरक पडतो, असं मला बैठकांमध्ये विचारलं जातं. फरक दुसऱ्या बाजूने बघितला की कळतो. जुना 338 मिलिमीटरचा पाऊस आता 100 वर्षांचा राहत नाही, सुमारे 62 वर्षांचा होतो. वाढ 14 टक्के धरली तर 41 वर्षांचा. पावसाच्या मापात छोटी दिसणारी वाढ वारंवारता अशी दीडपट ते अडीचपट करून जाते. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा 2021 चा अहवालही याच दिशेने बोलतो: पूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा मुसळधार पाऊस, जग 1.5 अंशाने तापल्यावर दीडपट वेळा आणि सुमारे साडेदहा टक्के जास्त पडेल. 2 अंशांवर 1.7 पट वेळा आणि 14 टक्के जास्त. हे जगभरच्या जमिनीचे सरासरी आकडे आहेत, सांगलीचे नव्हेत, पण हाताशी असलेल्या आकड्यांत विश्वास ठेवण्यासारखे आहेत.

आपल्याकडच्या नोंदी काय सांगतात? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचं 2017 मधलं काम महत्त्वाचं आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग येतो, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या, असं त्यात दिसलं. याच काळात त्या पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस घटत होता. म्हणजे पाऊस कमी, पण जो पडतो तो एकदम. याला अरबी समुद्रावरून येणारे वारे आणि त्यांनी वाहून आणलेलं बाष्प कारणीभूत आहे. तरीही प्रत्येक पुराचं खापर हवामान बदलावर फोडायची घाई करू नये. डिसेंबर 2015 च्या चेन्नईच्या पुरानंतर त्या पावसाचा तपास झाला, तेव्हा तापमानवाढीचा स्पष्ट हात त्यात दिसला नव्हता. प्रत्येक घटना वेगळी तपासावी लागते.

नोंदींचीही एक मर्यादा आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 73. एकाच शहरातली ही दोन केंद्रं. सांताक्रूझचं केंद्र नसतं, तर आपल्या नोंदवहीत त्या दिवशी मुंबईत एक साधा जोराचा पाऊस झाला एवढंच राहिलं असतं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर असे किती पाऊस मापकाविना पडून गेले असतील, याचा विचार केला की जुन्या आकडेवारीकडे आदराने पण थोडं अंतर राखून बघावं लागतं. शिवाय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. मध्यरात्री सुरू होऊन दुपारी थांबलेला पाऊस दोन दिवसांत विभागला जातो आणि दोन्हीकडे किरकोळ दिसतो. त्यासाठी दैनिक आकड्यांना साधारण 13 टक्क्यांची वाढ देऊन खरा 24 तासांचा पाऊस काढायची पद्धत आहे. ती वाढ न देता केलेले अभ्यास मी बरेच पाहिलेत.

इथवर सगळं पावसाचं झालं. पूर म्हणजे पाऊस नव्हे, आणि सांगलीच्या बाबतीत तर अजिबात नव्हे.

मुंबईचा नाला दोन-तीन तासांच्या पावसाने भरतो. पुण्याच्या आंबिल ओढ्याने सप्टेंबर 2019 मध्ये काही तासांच्या पावसात माणसं नेली. कृष्णा-पंचगंगेचा पूर मात्र दिवसांचा असतो. 2019 मध्ये जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घाटमाथ्यावर पाऊस थांबलाच नाही. जमीन तुडुंब झाली होती, धरणं भरत आली होती, आणि तशात पुढचे मोठे दिवस आले. अशा वेळी एका दिवसाच्या 100 वर्षांच्या पावसाचा आकडा काही कामाचा नसतो. पाच, सात, दहा दिवसांचा साचलेला पाऊस बघावा लागतो, आणि एका केंद्राचा बघून चालत नाही, संपूर्ण पाणलोटावरचा लागतो. जमीन आधीच भिजलेली असली की वाढीव पावसाचा जवळजवळ प्रत्येक थेंब नदीत येतो. 150 मिलिमीटर पावसातून जमीन 60 पिऊन टाकत असेल तर 90 वाहतं. पाऊस 10 टक्क्यांनी वाढून 165 झाला तर 105 वाहतं. पाऊस 10 टक्के वाढला, वाहणारं पाणी 17 टक्के.

त्यातून नदीची मांडणीच अशी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येऊन पंचगंगा होते, ती कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णेला वरून कोयनेचं आणि वारणेचं पाणी. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे शिरोळ तालुक्यात पसरतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये तिथे पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी कधी पोहोचेल याचा अंदाज कोल्हापूरकर घरबसल्या सांगतात, पण वारणा, कोयना आणि पंचगंगा यांचे शिखर प्रवाह एकाच वेळी संगमावर आले तर काय होईल, हा हिशेब घरबसल्या होत नाही. सांगली-शिरोळचा मोठा पूर हा बहुधा असा वेळा जुळून आल्याचा पूर असतो. कोयनेची साठवण 105 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातली किती जागा रिकामी आहे, यावर सांगलीतल्या पाण्याची उंची काही फुटांनी बदलते. पावसाचं कोणतंही वितरण हे सांगू शकत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद दोन राज्यांत चालू आहे. तुमच्या जोत्यासाठी तो निकाली निघायची वाट बघू नका.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. मोठ्या पुरात नदीतून किती पाणी वाहिलं, हे बहुतेक वेळा मोजलेलं नसतं. मोजलेली असते ती पातळी. लहान पुरांत पातळी आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, दोन्ही मोजून एक आलेख बनवतात आणि मोठ्या पुराच्या वेळी तो आलेख हाताने वर वाढवून विसर्ग वाचतात. पाणी काठ सोडून शेतात, वस्तीत पसरलं की तो वाढवलेला भाग फसवा होतो. मधल्या वर्षांत पात्रात भराव पडला, रस्त्याचा उंच बांध आला, नवा पूल झाला, तर तेवढ्याच पाण्याला पातळी जास्त लागते. जुलै 2024 मध्ये पुण्यात खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) सोडल्यावर नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं. याहून मोठे विसर्ग मुठेने पूर्वी पाहिलेत. म्हणजे पाऊस तोच राहिला, धरण तेच राहिलं, तरी शहर नदीत सरकल्यामुळे पूररेषा बदलते. माझ्या मते आपल्या शहरांत पुढच्या वीस वर्षांत हा बदल हवामानाच्या बदलाइतकाच, काही ठिकाणी जास्त जड जाणार आहे, आणि तो थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

मग भविष्याच्या पावसाचा अंदाज कसा घ्यायचा? जागतिक हवामान प्रारूपं, म्हणजे संगणकावर चालणारी हवामानाची गणितं, सरळ उचलून सांगलीचा पूर काढणारे अभ्यास येतात, त्यांच्यापासून सावध राहा. या प्रारूपांचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला हजाराच्याही आत. प्रारूपाच्या दृष्टीने ही दोन्ही गावं एकाच चौकोनात. त्या चौकोनाचा पाऊस बारीक करून गावागावाला वाटण्याच्या युक्त्या आहेत, पण आलेल्या आकड्याला दोन दशांश स्थळं लावली म्हणून तो अचूक होत नाही.

मी करतो ते असं. आधी प्रत्यक्ष नोंदींवरून, एका केंद्राऐवजी आसपासच्या सारख्या स्वभावाची केंद्रं एकत्र घेऊन, 100 वर्षांचा बहुदिवसीय पाऊस काढायचा. केंद्रं एकत्र केली की नोंद लांबते आणि मघाशी सांगितलेली कक्षा आक्रसते. मग त्याला वाढीचा एकच गुणक न लावता तीन लावायचे: 7, 15 आणि 25 टक्के. तिन्हींसाठी पाणलोटाचं गणित चालवायचं, धरणं अर्धी रिकामी आणि धरणं भरलेली अशा दोन्ही स्थितींत, संगमावर शिखरं जुळलेली आणि न जुळलेली अशीही. शेवटी प्लॉटवर येतात त्या डझनभर वेगवेगळ्या पातळ्या, एक रेषा येत नाही. त्यात 2019 चं प्रत्यक्ष पाणी कुठे बसतं ते बघायचं. ते सगळ्यांच्या वर बसत असेल तर गणितात काहीतरी राहिलंय. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला आणि चिपळूण बुडालं. तो पाऊस थोडा दक्षिणेला सरकून वारणेच्या खोऱ्यावर पडला असता तर काय झालं असतं, असंही चालवून बघता येतं. प्रत्यक्ष पडून गेलेलं वादळ उचलून शेजारच्या खोऱ्यावर ठेवणं ही जुनी, खात्रीची पद्धत आहे. मोठ्या धरणांच्या सांडव्यासाठी तीच वापरतात. तिथे 100 वर्षांच्या पुरावर कोणी थांबत नाही. साठवण 60 दशलक्ष घनमीटरच्या वर गेली की शक्य तेवढा कमाल पूर धरावा लागतो, कारण धरण फुटलं तर परिणाम भरून निघणारे नसतात.

परिणाम बघून निकष ठरवायचा, हेच तत्त्व घरालाही लावा. गोठा, शेड, वाहनतळ पाण्यात गेला तर नुकसान सोसता येतं. राहतं घर, दवाखाना, वीज उपकेंद्र, पाणीपुरवठ्याचं पंपघर यांचं तसं नाही. 2019 आणि 2021 या दोन्ही वेळी कोल्हापूरची पाणीउपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असताना शहराला प्यायला पाणी नव्हतं. अशी केंद्रं 100 वर्षांच्या रेषेवर बसवणं मला मान्य नाही. आजवरची सर्वोच्च पातळी आणि त्यावर निदान मीटरभर, याच्या खाली ती असू नयेत.

तुमच्या प्लॉटचं आता. आयर्विन पुलावरच्या फुटांवरून प्लॉटचा अंदाज बांधू नका. नदीला उतार आहे, पुलापासून दूर गेल्यावर तीच पातळी लागू पडत नाही. प्लॉटच्या शेजारच्या दोन-तीन जुन्या घरांच्या भिंतींवर 2019 च्या पाण्याची खूण अजून असेल, नसेल तर शेजारी बोटाने दाखवतील. एक सर्व्हेअर बोलवा, ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) लावून त्या खुणेपासून प्लॉटची जमीन किती खाली आहे ते मोजून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि एवढ्या मोठ्या खरेदीच्या आधी याहून उपयोगी खर्च दुसरा नाही. खूण जमिनीपासून तीन-चार फुटांच्या आत असेल, तर खांबांवर घर, तळमजल्यावर फक्त वाहनं, आणि राहता मजला खुणेच्या निदान मीटरभर वर, असं करून राहता येईल. खूण डोक्याच्या वर असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो प्लॉट घेऊ नका.

भराव टाकून प्लॉट उंच करायचा सल्ला कंत्राटदार देईल. तो ऐकू नका. तुमच्या भरावाने हटलेलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं, आणि उद्या त्यानेही भराव टाकला की परत तुमच्या. खांब पाण्याला वाट देतात. मीटर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर वरच्या मजल्यावर घ्या. ड्रेनेजच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) बसवा, पुरात पाणी दारातून येण्याआधी संडासातून येतं. आणि घराइतकंच रस्त्याकडे बघा. घर कोरडं राहिलं आणि रस्ता आठ दिवस पाण्याखाली असला, तर घरातल्या आजाऱ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसाला बाहेर कसं काढणार? 2019 मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता, तिथे कॉलनीच्या रस्त्याचं काय?

खरेदीखताआधी नगररचना विभागाकडून त्या सर्व्हे नंबरचा पूररेषा नकाशा घ्या आणि तो कोणत्या वर्षीच्या अभ्यासावर आखलाय ते लेखी विचारा. 2019 च्या आधीचा असेल तर त्यावरची लाल रेषा आज ना उद्या सरकणार असं धरा. त्याचा परिणाम बांधकाम परवानगीवर, बँकेच्या कर्जावर आणि पुढे विकायच्या वेळी दरावरही होईल. प्लॉटची मोजलेली पातळी, शेजारच्या घरावरच्या पुराच्या खुणा आणि तो नकाशा, एवढं हाती आलं की राहता मजला नेमका किती फुटांवर घ्यायचा ते आपण आकड्यात बोलू.